प्रायॉरिटी क्यू लावूनही आवाज तुटतो, कारण रांग दुसरीकडेच उभी आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याला मुख्य कार्यालय, वेर्णे औद्योगिक वसाहतीत कारखाना, मध्ये ४ एमबीपीएसची पॉइंट-टू-पॉइंट लीज लाइन. संध्याकाळी कारखान्यातल्या सर्व्हरचा बॅकअप फोंड्याकडे जायला लागला की आयपी फोनवर आवाज तुटतो. वेर्ण्याच्या राउटरवर व्हॉइससाठी प्रायॉरिटी क्यू आहे, म्हणजे फोनच्या पॅकेटांना आधी सोडणारी रांग. कुठेतरी वाचून टीएक्स रिंगही (पोर्टच्या हार्डवेअरमधली शेवटची रांग) २ पॅकेटांवर आणली, तरी काडीचा फरक नाही. व्हेंडर म्हणतो, पॅकेट ड्रॉप होत असतील (वाटेत पडत असतील), बफर, म्हणजे पॅकेटे थांबायची जागा, वाढवा. रिकाम्या लाइनवर पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) ६ मिलिसेकंद, बॅकअप चालू असताना ३९०च्या आसपास. आता काय करायचे?

आधी व्हेंडरच्या सल्ल्याचे बघू, कारण तो अमलात आणलात तर उद्यापासून त्रास वाढेल. बफर वाढवू नका. बॅकअपसारखी टीसीपीची (पोचल्याची पावती घेत डेटा पाठवणाऱ्या पद्धतीची) वाहतूक समोर जेवढा बफर दिसेल तेवढा भरते. वाटेत पॅकेट पडत नाही तोवर तिला वाटते की लाइन मोकळी आहे, आणि ती वेग वाढवत राहते. ड्रॉप हाच तिला मिळणारा इशारा. बफर दुप्पट केलात की इशारा उशिरा मिळतो, रांग दुप्पट लांबते, आणि त्याच रांगेत तुमचे फोनचे पॅकेट उभे राहते. बॅकअप एका मिनिटानेही लवकर संपत नाही, कारण लाइन आधीच पूर्ण भरलेली असते. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. इतक्या वर्षांनंतरही ‘ड्रॉप म्हणजे वाईट, बफर म्हणजे चांगले’ हा समज आपल्या क्षेत्रातून गेलेला नाही, याचे मला खरेच वाईट वाटते. तुमच्यासारखी काळजीपूर्वक काम करणारी माणसे त्यामुळे चुकीच्या दिशेने ढकलली जातात.

तुम्ही दिलेल्या पिंगच्या आकड्यांतच अर्धे उत्तर आहे. १५०० बाइटचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट, ४ एमबीपीएसवर ते बाहेर पडायला ३ मिलिसेकंद लागतात. भरल्या लाइनवर पिंग ३९०, रिकाम्या लाइनवर ६, म्हणजे रांगेतला वेळ ३८४. त्याला ३ने भागा: १२८. तुमच्या आणि फोंड्याच्या मध्ये कुठेतरी सुमारे १२८ पूर्ण आकाराची पॅकेटे, म्हणजे साधारण १९२ किलोबाइट, सतत उभी आहेत. हा हिशेब कुठल्याही लाइनवर करता येतो: वाढलेला वेळ गुणिले लाइनचा वेग, की तुंबलेला बफर किती ते कळते. कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी हे करायची सवय ठेवा.

आवाज तुटण्याचे कारण नुसता उशीर नाही. जगभरातल्या सर्व्हरवर चालणारी क्युबिक ही टीसीपीची पद्धत एक ड्रॉप झाला की आपली विंडो (पावती येण्याआधी पाठवायचा माल) ७० टक्क्यांवर आणते आणि पुन्हा वाढवत नेते. त्यामुळे तुमची रांग ३९० मिलिसेकंदांवरून २७०च्या आसपास उतरते, पुन्हा चढते. फोनचा जिटर बफर (पॅकेटे थोडी थांबवून आवाज सलग करणारा) या चढउताराला पुरत नाही, आणि उशिरा पोचलेले पॅकेट तो टाकून देतो. शिवाय आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. तुम्ही त्याच्या दुपटीच्या पुढे आहात. बॅकअप वेर्ण्याहून फोंड्याकडे जातो, म्हणून फोंड्याच्या माणसाला कारखान्यातला आवाज तुटक ऐकू येत असेल आणि उलट दिशेला बऱ्यापैकी साफ. दोन्हीकडच्या लोकांना विचारून बघा. तसेच निघाले तर रांग वेर्ण्याच्या टोकाला आहे हे पक्के.

मग टीएक्स रिंग २ करूनही फरक का पडला नाही?

राउटरमधून बाहेर पडताना पॅकेट दोन रांगांतून जाते. पहिली सॉफ्टवेअरमधली. प्रायॉरिटी, वर्गवारी, फेअर क्यू हे सगळे तिथे चालते. दुसरी इंटरफेसच्या हार्डवेअरची, तिलाच टीएक्स रिंग म्हणतात. ती निव्वळ पहिला आला तो पहिला गेला अशी असते, व्हॉइस कोण आणि बॅकअप कोण हे तिला कळत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: रिंग पूर्ण भरेपर्यंत सॉफ्टवेअरची रांग तयारच होत नाही. रिंगमध्ये जागा असेल तर प्रत्येक पॅकेट थेट रिंगमध्ये जाते आणि तुमची सगळी क्यूओएस (वाहतुकीला क्रम लावणारी) पॉलिसी नुसती बघत बसते. रायबंदरच्या धक्क्यावर रुग्णवाहिकेला सगळ्यांच्या पुढे घेतात, पण फेरीत चढून बसलेल्या गाड्यांना कोणी मागे घेऊ शकत नाही, तसेच हे आहे. म्हणून रिंग लहान ठेवायची: निर्णय झाल्यावरची रांग आखूड असली की निर्णयाला किंमत राहते.

जुन्या ई-वन लाइनवर, जिथे राउटरचा सीरियल पोर्टच २.०४८ एमबीपीएसने चालतो, तिथे हा उपाय अचूक बसतो. १५०० बाइटच्या पॅकेटला तिथे जवळजवळ ६ मिलिसेकंद लागतात. रिंगमध्ये ६४ पॅकेटे मावत असतील तर व्हॉइसचे पॅकेट प्रायॉरिटी असूनही पावणेचारशे मिलिसेकंद अडकते. रिंग २ केली की जास्तीत जास्त १२. तुम्ही वाचलेला सल्ला बहुधा अशा लाइनसाठी लिहिलेला असणार.

तुमची लाइन तशी नाही. लाइन देणाऱ्या कंपनीच्या कन्व्हर्टरमधून तुमच्या राउटरला इथरनेट केबल येते, आणि तो पोर्ट १०० एमबीपीएस किंवा १ जीबीपीएसवर लागलेला असतो. १०० एमबीपीएसवर १५०० बाइटचे पॅकेट ०.१२ मिलिसेकंदात बाहेर पडते. राउटरच्या दृष्टीने पुढचा रस्ता मोकळाच आहे, त्यामुळे रिंग भरत नाही, सॉफ्टवेअरची रांग तयार होत नाही आणि प्रायॉरिटी क्यूला करायला काही कामच उरत नाही. अडथळा आहे पुढच्या डब्यात, जिथे १०० एमबीपीएसने आलेला माल ४ एमबीपीएसच्या नळीत जातो. ती १२८ पॅकेटे त्या डब्याच्या बफरमध्ये उभी आहेत, आणि त्या डब्याला तुमच्या प्रायॉरिटीशी काही देणेघेणे नाही.

याची खात्री करून घ्या. बॅकअप चालू असताना, फोन तुटत असताना, वेर्ण्याच्या राउटरवर ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’ ही कमांड द्या. व्हॉइसच्या वर्गात पॅकेटची संख्या वाढताना दिसेल, पण क्यू डेप्थ शून्य, टोटल ड्रॉप्स शून्य. डिफॉल्ट (बाकी सगळ्या वाहतुकीच्या) वर्गातही शून्य. लाइन तुंबली आहे आणि राउटर म्हणतो माझ्याकडे एकही पॅकेट थांबलेले नाही. असे दिसले की समजायचे, रांग राउटरच्या हातातून निसटून पुढे गेली आहे. टीएक्स रिंग २ असो की २५६, ती रांग तुम्हाला परत मिळत नाही.

ती परत आणायची ती शेपरने. राउटरला सांगायचे की पोर्ट १०० एमबीपीएसचा असला तरी तू लाइनच्या वेगापेक्षा थोडा कमीच माल सोड. मग तुंबणे राउटरमध्येच होईल आणि प्रायॉरिटी खऱ्या अर्थाने चालेल. सिस्कोच्या राउटरवर हे एकात एक अशा दोन पॉलिसींनी करतात: बाहेरच्या पॉलिसीत शेपर, तिच्या पोटात तुमची सध्याची व्हॉइसची पॉलिसी. इंटरफेसला लावायची ती बाहेरची.

वेग किती ठेवायचा? ३.६ एमबीपीएसपासून सुरुवात करा, आणि चाचणी घेत ३.८पर्यंत चढा. मार्जिन ठेवण्यामागे ठोस हिशेब आहे. जी.७११ या कोडेकचे (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीचे) एक पॅकेट आयपी पातळीवर २०० बाइटचे असते. शेपर त्यात इथरनेट हेडरचे १४ बाइट धरतो. पण तारेवर शेवटचे ४ बाइटचे एफसीएस (चूक तपासायचा आकडा), ८ बाइटचा सुरुवातीचा प्रिअॅम्बल आणि १२ बाइट इतकी दोन पॅकेटांमधली मोकळी जागा हेही जाते, एकूण २३८. शेपर २१४ मोजतो. मोठ्या पॅकेटांत हा फरक नगण्य, लहान पॅकेटांत ११ टक्के. कंपनी ४ एमबीपीएस कुठल्या मापाने मोजते ते तुमच्या हातात नाही. फोन जास्त चालू झाले की शेपरला वाटते आपण मर्यादेत आहोत, आणि प्रत्यक्षात पुढच्या डब्यात पुन्हा रांग धरायला लागते.

शेपर सतत धार सोडत नाही, ठरावीक अंतराने घोट सोडतो. या घोटाचा आकार बहुतेक जण बघतच नाहीत, आणि व्हॉइससाठी तो बघायलाच हवा. अंतर १० मिलिसेकंद ठेवा. ३.६ एमबीपीएसवर घोट ३६,००० बिटांचा, म्हणजे तीन मोठी पॅकेटे. ही तीन पॅकेटे १०० एमबीपीएसने धडाधड पुढच्या डब्यात जातील आणि तिथे ९ मिलिसेकंद घेतील. एवढे चालते. अंतर २५ मिलिसेकंद राहिले तर घोट ९०,००० बिटांचा, साडेसात पॅकेटे, आणि शेपरच्या पलीकडे २२ मिलिसेकंदांची रांग दर खेपेला. जादा घोटाची मुभा मात्र शून्यच ठेवा. कमांड अशी होते: ‘शेप ॲव्हरेज’, मग ३६०००००, मग ३६०००, मग ०.

व्हॉइसच्या वर्गाला किती द्यायचे हे एकाच वेळी चालणाऱ्या कॉल्सवर ठरते. हेडरसकट जी.७११चा एक कॉल सुमारे ८७ केबीपीएस. आठ कॉल्स धरले तर ७००, म्हणून ८०० केबीपीएस द्या. प्रायॉरिटी वर्ग तुंबलेल्या वेळी त्या मर्यादेपुढचे पॅकेट सरळ टाकतो, त्यामुळे दहावा कॉल लागला की फक्त दहावा बिघडत नाही, सगळेच बिघडतात. आकडा उदारपणे ठरवा, पण लाइनच्या एक तृतीयांशापुढे नेऊ नका.

डिफॉल्ट वर्गात फेअर क्यू लावा, विसरू नका. ती नसेल तर त्या वर्गात ६४ पॅकेटांची एकच सरळ रांग राहील, सुमारे २०० मिलिसेकंदांची. बॅकअपला त्याचे काही वाटणार नाही, पण कारखान्यात बसून फोंड्याच्या सर्व्हरवर चलन बनवणाऱ्या माणसाला प्रत्येक एंटरला थांबावे लागेल. फेअर क्यूमध्ये बॅकअपचा प्रवाह वेगळा पडतो, आणि चलनाचे छोटे पॅकेट त्याच्या मागे अडकत नाही.

एवढे झाले की टीएक्स रिंग पुन्हा डिफॉल्टवर न्या. शेपर लावल्यावर रिंगमध्ये एका घोटापेक्षा जास्त पॅकेटे जमतच नाहीत, मग ती २ ठेवून काही मिळत नाही, उलट नुकसान व्हायची शक्यता असते. रिंग लहान असली की प्रत्येक पॅकेटामागे सीपीयूला धावून ती भरावी लागते. १ जीबीपीएसच्या पोर्टवर सीपीयूला यायला १०० मायक्रोसेकंद लागले, तर तेवढ्यात १२.५ किलोबाइट, म्हणजे आठ मोठी पॅकेटे निघून गेली असती. रिंगमध्ये दोनच असतील तर बाकी वेळ लाइन रिकामी. म्हणून रिंगचा आकार नेहमी पोर्टच्या वेगाला धरून ठरवायचा. २ एमबीपीएसच्या सीरियलवर २ ते ४ उत्तम, गिगाबिटवर तोच आकडा घातक. १ तर कुठेच ठेवू नका: एक पॅकेट बाहेर पडत असताना दुसरे दारात उभे हवेच.

चाचणी घेताना एक फसगत होते. साधे पिंग डिफॉल्ट वर्गात जाते, त्यामुळे ते व्हॉइसचा अनुभव दाखवत नाही. पिंगला व्हॉइसचाच शिक्का मारा. तो शिक्का ईएफ, म्हणजे पॅकेटच्या हेडरमधल्या डीएससीपी या प्राधान्याच्या खुणेत ४६, पिंगमध्ये टीओएसची किंमत १८४. बॅकअपने किंवा आयपर्फ या चाचणीच्या प्रोग्रॅमने लाइन पूर्ण भरा आणि दोन पिंग शेजारी शेजारी चालवा, एक साधे, एक शिक्क्याचे. शिक्क्याचे पिंग २० मिलिसेकंदांच्या आत राहिले पाहिजे: मूळचे ६, पुढे निघालेल्या एका मोठ्या पॅकेटाचे सुमारे ३, शेपरच्या घोटाचे ९. ते राहत नसेल तर वेग ३.४वर आणून पुन्हा बघा. तेव्हा सुधारले तर लाइन सांगितलेल्या वेगाची नाही असे समजा. सुधारले नाही तर फोनचा शिक्का वाटेतला स्विच पुसून टाकतो का ते तपासा. हे वारंवार सापडते: फोन ईएफ लावतो, स्विचचा पोर्ट त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि राउटरपर्यंत शून्य पोचते. ही मोजणी चवथीच्या सुट्टीत करता आली तर सोन्याहून पिवळे. कारखाना बंद, लाइन पूर्ण तुमची, आणि कोणाचा कॉल तुटण्याची भीती नाही.

फोंड्याच्या राउटरवरही असाच शेपर लावा. बॅकअप परत उतरवायची वेळ आली, किंवा कोणी मोठी ड्रॉइंगची फाइल कारखान्याला पाठवली, की रांग त्या टोकाला तयार होईल, आणि वेर्ण्याचा शेपर तिथे काहीच करू शकत नाही. लाइन जिथून भरते त्याच टोकाला तिला आवर घालता येतो.

या लाइनवर आयपीसेकचा टनेल (एन्क्रिप्ट केलेली वाट) चालवत असाल तर आणखी एक तपासा. एन्क्रिप्शन झाल्यावर क्यूओएस पॅकेटांची क्रमवारी बदलते: व्हॉइस पुढे जाते, बॅकअप मागे राहतो. पलीकडच्या राउटरची अँटी-रिप्ले विंडो (जुनी पॅकेटे पुन्हा आत येऊ न देणारी) ६४ पॅकेटांची असेल, तर फार मागे राहिलेली बॅकअपची पॅकेटे तो जुनी समजून फेकतो. फोन साफ चालतो आणि बॅकअप अचानक मंदावतो, आणि कोणाला कारण समजत नाही. विंडो १०२४ करा.

आता राउटरच्या जागी लिनक्सची पेटी किंवा ओपनडब्ल्यूआरटी (लिनक्सवर आधारलेली राउटरची प्रणाली) असणाऱ्यांसाठी, कारण म्हापसा-पेडण्याकडून घरून काम करणाऱ्यांचा हाच प्रश्न सतत येतो. तत्त्व तेच आहे, अवजारे जास्त चांगली आहेत. इंटरफेसची टीएक्स क्यू लेंग्थ पूर्वापार १००० पॅकेटांची. १० एमबीपीएसच्या अपलोडवर ती भरली तर सव्वा सेकंद. पण इथे रिंगचा आकार ईथटूल या कमांडने कमी करत बसू नका. २०१२ साली ३.३ कर्नलमध्ये बाइट क्यू लिमिट्स आले, ते रिंगमध्ये किती बाइट राहू द्यायचे हे लाइन बघून स्वतः ठरवते. बाइट मोजण्याला कारण आहे: सेगमेंटेशन ऑफलोड (मोठे गाठोडे तोडायचे काम नेटवर्क कार्डावर सोपवणे) चालू असताना रांगेतले एक ‘पॅकेट’ ६४ किलोबाइटपर्यंत असू शकते. १० एमबीपीएसवर तसे एकच पॅकेट ५० मिलिसेकंदांहून जास्त खाते, मग पॅकेटांची संख्या मोजून काय हाती लागणार? त्याच वर्षी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हे रांग आवरण्याचे तंत्र मांडले. ते रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते बघते. ५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ थांबणे १०० मिलिसेकंद टिकले की ड्रॉप करायला लागते. माझ्या मते या क्षेत्रात इतकी सुंदर कल्पना दुसरी झालेली नाही, कारण एकच सेटिंग मंद आणि जलद दोन्ही लाइनींवर चालते. ४.१९ कर्नलपासून केक ही रांगेची व्यवस्था आहे. त्यात शेपर, फेअर क्यू, कोडेलच्या जातीची व्यवस्था आणि ते ६४ किलोबाइटचे गाठोडे फोडणे सगळे एकत्र मिळते. मोडेम वेगळा असेल तर केकलाही लाइनच्या वेगापेक्षा कमी आकडा द्यावाच लागतो, नाहीतर वेर्ण्याच्या लाइनसारखीच गत. मायक्रोटिकचे राउटर वापरणाऱ्यांना त्याच्या राउटरओएस ७मध्ये केक मिळते, पण फास्टट्रॅक (वेगासाठीचा आडरस्ता) चालू असेल तर ती वाहतूक सिंपल क्यूला वळसा घालून जाते. आधी तो नियम बंद करा.

लाइनचा शेवटचा टप्पा रेडिओचा असेल तर आपल्या पावसाचा विचार करावाच लागतो. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर पावसाच्या धारेचा परिणाम थोडा, ओल्या पानांचा मात्र फार. उन्हाळ्यात माडांच्या झावळ्यांच्या कडेने सुटणारी लिंक जूनमध्ये त्याच झावळ्या भिजल्या की खालच्या मॉड्युलेशनवर, म्हणजे कमी वेगाच्या सिग्नलवर, उतरते. लिंक डाऊन होत नाही, अलार्म येत नाही, फक्त ४च्या जागी अडीच एमबीपीएस मिळतात. तुमचा शेपर ३.६वर ठाम, म्हणून रांग पुन्हा रेडिओच्या पोटात जाते आणि तक्रार येते की ‘मे महिन्यात सगळे ठीक होते’. १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लिंकवर पावसाच्या धारेनेच हे होते. अशा जागी शेपरचा आकडा पावसाळ्यात मोजून ठेवा आणि जून ते सप्टेंबर तोच चालवा. ओपनडब्ल्यूआरटीवर उशीर बघून केकचा वेग आपोआप खालीवर करणारी स्क्रिप्ट मिळते, ती अशा लिंकवर लावण्यासारखी आहे. वेर्ण्याच्या तुमच्या छपरावर तसा रेडिओ आहे की जमिनीखालून फायबर येते, हे कंपनीच्या माणसाला एकदा स्पष्ट विचारून घ्या, आणि त्यानुसार ३.६ हा आकडा बारा महिने ठेवायचा की नाही ते ठरवा.